दोन लाखांतील एक



प्रतिक्रमणात आपण चौऱ्यांशी लाख जीवयोनींना खमावतो. पृथ्वीकायापासून आरंभ होतो आणि पुढे बेइंद्रिय, तेइंद्रिय, चौरिंद्रिय यांच्या प्रत्येकी दोन लाख योनी येतात. जीभ सरावलेली असते. आकडे एका श्वासात ओघळून जातात. गेल्या आषाढात एका प्रसंगाने माझा तो श्वास अडखळला. दोन लाख तेइंद्रिय योनींची क्षमा मागणाऱ्या मला त्यांतील एखादा तरी जीव नीट ओळखता येतो का, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे. आजचा लेख त्या प्रश्नाविषयी, आणि आपल्या कोठीत न बोलावता येणाऱ्या एका पाहुण्याविषयी.

प्रसंग साधाच आहे. आमच्या एका स्नेह्यांची गहू, ज्वारी, चिंच आणि किराणा मालाची तीन पिढ्यांची पेढी आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाने गव्हाची पाच पोती परत पाठवली. निरोप एवढाच होता : ‘गव्हात सोंडे आहेत.’ पोत्यांच्या शिवणीवर खरोखरच तीन-चार काळपट किडे फिरत होते. पेढीचा कारभार आता पुतण्याकडे आहे. त्याने गोदामात जाऊन पाहिले, तर थप्पीच्या वरच्या पोत्यांवरही तेच. त्याने तत्काळ धुरी देणाऱ्यांना दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साठ पोत्यांची ती सारी थप्पी ताडपत्रीखाली झाकून विषारी वायूच्या गोळ्या ठेवायचे ठरले.

घरात ही वार्ता पोहोचली आणि काकू देवघरातून उठून बाहेर आल्या. ‘‘चार दिवसांवर चौमासी चौदस आली. हजारो जीव कोंडून मारायचे आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायचे, हे मला जमणार नाही.’’ पुतण्याचाही स्वर चढला. ‘‘काकू, माल कर्जाचा आहे. साठ पोती उकिरड्यावर टाकू का? आणि किडका गहू लोकांच्या घरी पाठवला, तर ते कोणत्या धर्मात बसते?’’ दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच वाद मिटेना.

इतका वेळ गप्प बसलेल्या काकांनी विचारले, ‘‘किडा कोणता आहे, ते पाहिलेस का?’’

‘‘काका, किडा तो किडा. त्याला काय गोत्र विचारायचे?’’

काकांनी मला बोलावणे पाठवले. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली आणि निवृत्तीनंतरही खिशात भिंग असते, हे त्यांना ठाऊक होते. पुतण्याचा तो शब्द मला जाताच ऐकायला मिळाला आणि मी मनात हसलो, कारण विचारायचे होते ते नेमके गोत्रच.

आपण ज्यांना मराठीत सोंडे, सोंडकिडे किंवा टोके म्हणतो, गुजराती घरांत ज्यांना धनेडां आणि हिंदी-मारवाडी घरांत सुरसुरी किंवा घुण म्हणतात, ते भुंगेऱ्यांच्या गणातील एका विशाल कुलसमूहाचे सदस्य आहेत. जगात या समूहाच्या साठ हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत. त्यांची खूण म्हणजे सोंड. ती हत्तीच्या सोंडेसारखी लवचीक नसते. डोक्याचाच पुढचा भाग लांबट होऊन ती बनते आणि तिच्या टोकाला इवलेसे जबडे असतात. सोंडेवरच, बहुधा कोपरात वाकलेल्या हातासारख्या, दोन स्पर्शिका असतात. अळीला पाय नसतात. ती बिया, खोड किंवा मुळे यांच्या पोटात, अंधारात वाढते. या हजारो जातींपैकी बहुसंख्य रानावनात, एखाद्याच झाडाच्या आश्रयाने आयुष्य काढतात आणि माणसाच्या वाटेला कधी जात नाहीत. आपल्याशी गाठ पडते ती मूठभरांची.

शास्त्रज्ञ प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव देतात. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. ही पद्धत रूढ केली ती स्वीडनच्या कार्ल लिनीअस यांनी. धान्यातील सोंडकिड्यांच्या प्रजातीचे नाव आहे सिटोफिलस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘धान्यप्रिय’. या आडनावाखाली व्यापाऱ्याला ठाऊक असावेत असे चार भाऊबंद आहेत.

पहिला सिटोफिलस ग्रॅनेरियस. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याला नाव दिले. याला उडता येत नाही. वरची कठीण पंखाची झाकणे एकमेकांना जुळून गेलेली आणि खालचे उडण्याचे पंख नाहीतच. थंड प्रदेशांतील, विशेषतः युरोपातील, गव्हाच्या आणि जवाच्या कोठारांत तो राहतो. रानात सापडत नाही. ज्याला पंख नाहीत तो देशोदेशी पोहोचला कसा? गाड्यांतून, गलबतांतून, पोत्यांतून. त्याच्या प्रवासाचा नकाशा काढला, तर तो माणसाच्या धान्यव्यापाराचाच नकाशा निघेल.

दुसरा आणि तिसरा हे आपल्या उष्ण मुलखातले. सिटोफिलस ओरायझी आणि सिटोफिलस झीमेइस, म्हणजे नावाप्रमाणे तांदळाचा सोंडकिडा आणि मक्याचा सोंडकिडा. दोघांच्याही पाठीवर चार तांबूस ठिपके, दोघांनाही पंख, दोघेही तीनेक मिलिमीटरचे, दोघेही तांदूळ, गहू, ज्वारी, मका यांत निर्वेधपणे वाढणारे. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित मोठा आणि उडण्यात अधिक तरबेज. मक्याची कणसे शेतात उभी असतानाच तो त्यांवर उतरतो. पण जे दाणे खाऊन वाढला त्यांच्या मानाने एकाच जातीचा किडाही लहानमोठा होतो. त्यामुळे केवळ आकारावरून निवाडा करू गेलो, तर फसगत ठरलेली.

ही फसगत मोठमोठ्यांची झाली आहे, आणि त्या दोघांच्या नावांचा इतिहास एखाद्या जुन्या वहीतील चुकलेल्या नोंदीसारखा आहे. ‘ओरायझी’ हे नाव लिनीअस यांनी १७६३ मध्ये दिले. ‘झीमेइस’ हे नाव रशियन कीटकशास्त्रज्ञ मोचुल्स्की यांनी १८५५ मध्ये दिले. परंतु पुढे ते बाजूला पडले आणि दोन्ही किडे एकाच नावाखाली, एक लहान वाण व एक मोठा वाण, असे मोजले जाऊ लागले. विसाव्या शतकात जपानमध्ये ताकाहाशी यांनी लहान वाण वेगळा आहे हे ओळखून त्याला ‘सासाकी’ असे नवे नाव दिले. म्हणजे जुने नाव मोठ्याकडे आणि नवे नाव लहानाकडे, अशी वाटणी झाली. १९६१ मध्ये गिलेर्मो कुशेल या अभ्यासकांनी मुळापर्यंत जाऊन दाखवले की, लिनीअस यांनी ज्याला ‘ओरायझी’ म्हटले तो लहानच किडा होता. तेव्हा ते नाव लहानाचेच, ‘सासाकी’ हे नाव अनावश्यक, आणि मोठ्याला मोचुल्स्की यांचे विसरलेले नाव परत द्यावयास हवे.

एका नावाची ही दुरुस्ती विद्वानांचा खेळ वाटेल. पण व्यापाऱ्याने क्षणभर विचार करावा. दोन खातेदारांची नावे अदलाबदल होऊन वर्षानुवर्षे नोंदी होत राहिल्या, तर वही उघडून काय उपयोग? १९६१ पूर्वीच्या अनेक प्रयोगांविषयी आज हाच प्रश्न येतो : अमुक उष्णतेला, अमुक ओलाव्यात तांदळाचा सोंडकिडा असा वागला, असे लिहिले आहे खरे, पण तो किडा दोघांपैकी कोणता? आजही त्या दोघांचा अंतिम निर्णय पाठीवरून होत नाही. नराच्या जननेंद्रियाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. लहानाचा तो गुळगुळीत असतो, मोठ्याच्या पृष्ठभागावर दोन उभ्या खाचा असतात. आपल्यात ‘पारख’ हे आडनावच आहे. परंतु खरी पारख किती खोल जावी लागते, हे त्या दोन खाचा सांगतात.

रंगाचेही तसेच. कोकणातील नारळीबागांत ज्याला सोंड्या भुंगा म्हणतात, तो तांबूस, बोटाच्या पेराएवढा किडा आपल्या गव्हातील सोंड्याच्याच निकटच्या कुळातला, जणू थोरल्या पातीचा चुलतभाऊ. आग्नेय आशियात त्याचा एक काळा, पाठीवर लाल पट्टा असलेला भाऊबंद आढळतो. रंग वेगळे म्हणून दोन जाती मानल्या गेल्या. २००४ मध्ये अभ्यासकांनी त्या एकच ठरवल्या. २०१३ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने त्या पुन्हा वेगळ्या ठरल्या. मात्र रंग हा त्यांच्यातील भरवशाचा भेद नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियातील लगुना बीच येथे २०१० मध्ये सापडलेला किडा ज्या नावाने आधी ओळखला गेला, त्याऐवजी तो दुसराच असल्याचे या तपासणीत निघाले. एकदा दिलेला निकाल नव्या पुराव्यापुढे मागे घेणे, यात या शास्त्राला कमीपणा वाटत नाही. अनेकांतदृष्टी बाळगणाऱ्या आपल्यालाही वाटू नये.

आता चौथा भाऊ, सिटोफिलस लिनिअरिस. हा फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. पुष्कळ जुन्या आडत्यांनाही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हर्बस्ट यांनी त्याला नाव दिले. धान्यप्रिय हे आडनाव लावूनही हा धान्याला तोंड लावीत नाही. याचे घर म्हणजे चिंचोका. मादी चिंचोक्यात अंडी घालते, अळी तेथेच वाढते आणि किडा बाहेर पडतो तो चिंचोक्याला भोक पाडून. चिंच जेथे जेथे गेली, तेथे तेथे तिच्याबरोबर हाही गेला.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आता गोदामात परत जाऊ.

परत आलेल्या पाच पोत्यांतून मी वेगवेगळ्या ठिकाणचा गहू मागितला. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्यात बारीक छिद्र पाडते, आत एकच अंडे घालते आणि आपल्या शरीरातील चिकट द्रवाने ते छिद्र बुजवते. त्यामुळे अंडे बाहेरून दिसत नाही. पण आतला जीव वाढून बाहेर पडताना दाण्याला जे वेडेवाकडे भोक पडते, ते लपत नाही. काकू, काका आणि मी असे तिघे ताटे घेऊन बसलो. काकूंचे निवडण्यातले डोळे माझ्या भिंगाहून तीक्ष्ण आहेत. दोन तासांत भोक पडलेला एकही दाणा निघाला नाही. पीठ नाही, भुसा नाही. किडे सारे पोत्यांच्या बाहेर, शिवणीवर आणि वरच्या थरावर.

‘‘शेजारी काय ठेवले आहे?’’ मी विचारले.

थप्पीच्या मागे भिंतीला टेकून मागील वर्षीच्या चिंचोक्यांची अकरा पोती होती. भाव येईल म्हणून थांबवलेली आणि मग विसरलेली. त्यांतले मूठभर चिंचोके घेतले, तर निम्म्यांना भोके. एक फोडला, आत पांढरट, बिनपायाची, वाकडी अळी. दुसरा फोडणार, तोच काकूंनी हात धरला. ‘‘एक पाहिला ना? पुरे.’’ मी ओशाळलो. पुढे कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनाही पोत्यावर मरून पडलेले दोन किडे दाखवले. त्यांनी तेच नाव सांगितले. पोत्यांवर फिरणारा किडा चिंचोक्याचा होता. गव्हाशी त्याचे देणेघेणे नव्हते. वाट चुकून तो वर चढला होता.

पुतण्याने धुरी देणाऱ्यांना थांबायला सांगितले, पण तो व्यापारी आहे. त्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. ‘‘दाण्याच्या आत अंडी नाहीत, हे कशावरून?’’ त्यावर उपाय जुनाच आहे. थप्पीतील निरनिराळ्या पोत्यांतला गहू चार काचेच्या बरण्यांत भरला, तोंडाला मलमल बांधली आणि बरण्या काकांच्या बैठकीजवळ ठेवल्या. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून किडा होण्यास महिना-सव्वा महिना लागतो. सहा आठवडे काका रोज सकाळी नवकारसीनंतर त्या बरण्या उजेडात धरून पाहत. एकही किडा निघाला नाही.

दरम्यान काकूंनी आपली पुंजणी आणून पोत्यांवरचे किडे हळुवार एका डब्यात उतरवले आणि चिंचोक्यांच्या पोत्यांत सोडले. ती अकरा पोती मागच्या पडवीत हलवली. त्यांचे पुढे काय, हा प्रश्न उरलाच. पावडर करणारा गिरणीवाला अल्प भावात घ्यायला तयार होता. काका नको म्हणाले. ‘‘त्यांचे भाडे मी भरतो. आपण होऊन निघून जातील तेव्हा पाहू.’’ पुतण्या पुटपुटला, पण अकरा पोत्यांचा तोटा आणि साठ पोत्यांची धुरी यांतील अंतर त्याला कळले होते. त्याहून मोठे एक अंतर त्याने स्वतःच बोलून दाखवले : ‘‘विनाकारण झाले असते सगळे.’’

याच शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते.

जीवांचे वर्गीकरण ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात संसारी जीवांचे त्रस आणि स्थावर असे भेद सांगून इंद्रियांच्या संख्येनुसार त्यांची मांडणी केली आहे. आचार्य शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त तर तेइंद्रियांच्या यादीत मुंगी, ढेकूण, वाळवी यांच्याबरोबर धान्यातील किड्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आधुनिक कीटकशास्त्र विचारते, हा कोणाचा कोण, याचे पूर्वज कोणते? आपले शास्त्र विचारते, याला जाणवते किती, याला दुखते किती? प्रश्न भिन्न आहेत, म्हणून मांडणीही भिन्न आहे. भिंगाखाली प्रौढ सोंडकिड्याच्या सोंडेच्या मुळाशी दोन काळे डोळे दिसतात. मग त्याला तेइंद्रियांत का गणले, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. याचा उलगडा शास्त्रज्ञानी साधुसाध्वींकडून करून घ्यावा. तो माझा अधिकार नाही. मला इतकेच ठाऊक आहे की, इंद्रिये तीन मोजा की चार, तो त्रस जीव आहे, आणि श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताची मर्यादा त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याचप्रमाणे आपल्या दोन लाख योनी आणि कीटकशास्त्राच्या साठ हजार जाती यांचे आकडे जुळवण्याचा खटाटोपही करू नये. दोन वेगळ्या वह्यांची बेरीज एका पानावर होत नसते.

शास्त्रकारांनी गृहस्थाची हिंसा संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी चार प्रकारची सांगितली. संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. उद्योगी हिंसा व्यवसायात अटळ असते, म्हणून तिला मर्यादा. पण ‘अटळ’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! त्या गोदामातील धुरी अटळ वाटत होती. ती केवळ अज्ञानाने ओढवलेली होती. जे जाणून घेतले असते तर टळले असते, त्याला अटळ कसे म्हणावे? आधी जाणावे, मग दया करावी, हा क्रम आपल्या परंपरेने उगाच घालून दिलेला नाही. दया मनात असूनही ओळख नसेल, तर ती दया कोठे वापरावी हेच कळत नाही.

प्रत्येक गोदामाचा शेवट असा सुखाचा होत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गव्हाच्या पोटातच किडा वाढलेला असेल, तर निर्दोष मार्ग उरत नाही. गुजरातेतील काही जुन्या पांजरापोळांत ‘जीवातखाना’ असे. किडके धान्य तेथे नेऊन एका खोलीत ठेवीत आणि किड्यांना त्यांच्या आयुष्याच्या अंतापर्यंत राहू देत. आजच्या मोठ्या थप्प्यांना ते पुरणारे नाही. म्हणून खरे काम आधीचे आहे : जीव उत्पन्नच होणार नाहीत, अशी व्यवस्था राखणे. आणि तेथे किड्याची ओळखच उपयोगी पडते.

गहू, तांदूळ व ज्वारीतील सोंडकिड्याला ओलावा लागतो. दाण्यातील ओलावा १० टक्क्यांच्या खाली गेला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीतही तेच. म्हणून वर्षाचा गहू घेतल्या घेतल्या, किडा दिसण्यापूर्वीच, कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार करून कोरड्या कोठीत भरावा. किडा पडल्यावर दिलेले ऊन हे वाळवण नव्हे, ती हिंसाच होय. जुना उरलेला गहू नव्यात मिसळू नये. कोठीचे सांधे, जात्याचा पाळा, पोत्यांच्या शिवणी आधी झाडून घ्याव्यात. गव्हाला एरंडेलाचा हात फिरवण्याची आपल्या आजीची रीत याच हेतूची.

मूग, मटकी, चवळी, हरभरा यांतील भुंगेरा मात्र सोंडकिडा नव्हेच. त्याला सोंड नसते. पूर्वी त्याचे स्वतंत्र कुल मानीत. आता तो पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुलात गणला जातो. हा केवळ नावाचा भेद नाही. सोंडकिड्याची मादी अंडे दाण्यात लपवते, भुंगेऱ्याची मादी ते दाण्याच्या सालीवर चिकटवते. कडधान्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले, तर ती अंडी समजावीत. म्हणजे येथे निवडणाऱ्याला डोळ्यांनी आधीच सावध होता येते. गव्हात तशी सोय नाही. शिवाय हा किडा अखंड दाण्यात वाढतो, भरडून केलेल्या डाळीत त्याला नीटसा आसरा मिळत नाही. तेव्हा अखंड कडधान्य थोडे थोडे आणावे, साठवण डाळीची करावी.

चिंच घरात साठवायची असेल, तर चिंचोके काढून, मीठ लावून ठेवावी. चिंचोकाच नसेल, तर लिनिअरिसला राहायला घरच नाही. आणि गोदामात चिंचोके व धान्य शेजारी ठेवू नयेत, हे आता वेगळे सांगायला नको.

आंब्याचेही एक वाक्य. वरून डागही नसलेला आंबा चिरावा आणि कोयीतून काळा किडा निघावा, हा अनुभव अनेकांना असेल. फॅब्रिसियस यांनी १७७५ मध्ये नाव दिलेला हा कोयीतला सोंडकिडा. कैरी अगदी कोवळी असताना अळी आत शिरते आणि तिची वाट पुढे भरून येते. आपल्या श्वेतांबर घरांत आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा सोडतात; जे त्यापूर्वी खातात त्यांनीही कोय जपून फोडावी, इतके सांगून थांबतो.

एक गंभीर सूचना. धुरीच्या गोळ्या घरातल्या कोठीत कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचाही प्राण घेतो, आणि त्यांचा वापर सामान्य माणसाने करणे कायद्यालाही मान्य नाही. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात नकोत. जीवदयेचा विचार करताना घरातल्या जीवांना विसरून कसे चालेल?

त्या वर्षीच्या संवत्सरी प्रतिक्रमणाला पुतण्या माझ्या शेजारी बसला होता. चौऱ्यांशी लाखांचा पाठ आला. तेइंद्रियांपाशी त्याने डोळे मिटले आणि किंचित थांबला. नंतर बाहेर पडताना म्हणाला, ‘‘एकाचे तरी नाव आता माहीत आहे.’’

दोन लाखांतील एक. आरंभाला तेवढे पुरे आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.